रोमन थिएटरातलं प्रॉम्प्टिंग

रत्ना देवस्थळीशी वाकडं घेऊ नये, हे आता अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरी गावातल्या सगळ्या मराठी घरांत माहीत झालंय. पूर्वी ते फक्त मला माहीत होतं. मी गिरिजा, तिची शेजारीण. आम्ही दोघी एकाच गाडीतून वूस्टरला कामाला जायचो, ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आणि मी तिथल्याच बिलिंगमध्ये. रूट नाइनच्या ट्रॅफिकमध्ये रोज शेजारी बसून माणूस जेवढा कळतो, तेवढा त्याच्या घरच्यांनाही कळत नाही. रत्ना भांडायची नाही, आवाज चढवायची नाही. ती डूख धरायची. कोणी एकाने तिच्या पुरणपोळीला हसत हसत 'गोड टॉर्टिया' म्हटलं होतं. त्यानंतर कित्येक वर्षं होळीला तिने त्याच्या पानात पोळी वाढली नाही. भात वाढायची, आमटी वाढायची, वर आग्रहसुद्धा करायची. मला तिचं हे फार आवडायचं. सगळ्यांना माफ करत सुटणाऱ्या माणसांचा मला जरा संशयच येतो.

आमच्या मंडळाचं दर वर्षी गणपतीत हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये नाटक असायचं. तालमी कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये, एका बाजूला घर तापवणारा फर्नेस घरघरतोय, दुसऱ्या बाजूला ट्रेडमिलवर कपडे वाळताहेत. सगळे नोकरीवाले, मुलांना सॉकर आणि पियानोला पोचवणारे. पाठांतराला वेळ कोणाला? त्यामुळे आमच्याकडे प्रॉम्प्टरशिवाय नाटक उभंच राहत नसे. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता घ्यायची आणि नट अडला की पुढचं वाक्य त्याच्यापर्यंत पोचवायचं. नटाला शब्दन् शब्द कळला पाहिजे आणि पहिल्या रांगेला काही म्हणता काही ऐकू जाता कामा नये. रत्ना हे वर्षानुवर्षं करत होती. तिला हे काम फार आवडायचं असं नाही. पुण्यात कॉलेजात असताना तिने एकांकिका बसवल्या होत्या, बक्षिसं घेतली होती. इथे आल्यावर नोकरी, दोन मुलं, बर्फ उपसणं यात ते राहून गेलं, आणि नाटकाच्या जवळ राहायचं तर विंगेतलं स्टूल तेवढं रिकामं होतं.

आणि मोरेश्वर आमचा कायमचा हिरो. उंच, सरळ नाक, आवाज असा की पार्किंग लॉटमध्ये नुसतं "शोभना, किल्ली दे" म्हणाला तरी येणारेजाणारे थबकायचे. पाठांतराच्या नावाने मात्र शंख. पहिलं वाक्य दणक्यात, दुसरं बरं, आणि तिसऱ्याला तो डावीकडे मान वळवून घसा खाकरायचा. तो खाकरला की रत्नाने वाक्य द्यायचं, हे त्यांचं ठरलेलं. प्रेक्षकांना वाटायचं, काय भावना दाटून आल्यात बिचाऱ्याच्या! टाळ्या मोरेश्वरला, हार मोरेश्वरला, आणि पडदा पडल्यावर रत्नाला थंडगार बटाटेवडा.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात आम्ही जर्सी सिटीला नाट्यस्पर्धेला गेलो. नाटक ऐतिहासिक, मंडळातल्याच एकाने लिहिलेलं. मोरेश्वर किल्लेदार. पहिल्या अंकात त्याचं एक स्वगत होतं आणि शेवटच्या अंकात एक, आणि दोन्हींची सुरुवात सारखी. पहिल्या अंकातलं म्हणता म्हणता गड्याने एकदम शेवटच्या अंकात उडी मारली. मधलं सगळं नाटक गेलं. मी दासीच्या वेशात हातात तबक घेऊन उभी होते, माझी एन्ट्री कायमचीच गेली. रत्ना विंगेतून त्याला मागे आणायला जिवाचं रान करत होती, वाक्यामागून वाक्य देत होती, पण स्वारी रंगात आली होती. खाकरलाच नाही. किल्लेदार मेला, पडदा पडला, आणि परीक्षकांनी घड्याळाकडे बघून एकमेकांकडे पाहिलं.

नंतर जेवणाच्या हॉलमध्ये सगळे जमले होते, बाहेरगावची मंडळंही होती. कोणीतरी विचारलं, काय हो, असं कसं झालं? मोरेश्वरने श्रीखंडाची वाटी हातात धरून सांगितलं, "रत्नाला विंगेत डुलकी लागली हो. तिने भलतंच पान दिलं, मी तरी काय करणार? सांभाळून नेलं कसंबसं." रत्ना तिथेच उभी होती, हातात ताट घेऊन. सगळे हसले. तिने तोंड उघडलं, पण नाटकात जिचा आवाज ऐकू येता कामा नये, तिचं त्या गलक्यात कोण ऐकतंय!

मोरेश्वर एवढ्यावर थांबला असता तर एक वेळ चाललं असतं. पण त्याची बायको शोभना हीच गोष्ट घरोघरी सांगत सुटली, अगदी मनापासून, कारण तिचा नवऱ्यावर विश्वास होता. मग घरोघरच्या डब्यांच्या प्रत्येक पॉटलक जेवणाला कोणी ना कोणी विचारायचंच, काय रत्ना, झोप झाली का? आणि खरा घाव पुढेच होता. त्या वर्षीचं गणपतीचं नाटक पहिल्यांदाच रत्ना बसवणार होती. मंडळाचे अध्यक्ष मनोहर काका यांनी तसा शब्द दिला होता, तिने नाटक निवडलं होतं, नेपथ्याची चित्रं काढून झाली होती. जर्सी सिटीनंतर काका घरी आले, चहा घेतला, आणि म्हणाले की कमिटीला वाटतं, तू दमलेली दिसतेस, यंदा जरा विश्रांती घे. दुसऱ्याला दिलं नाटक. रत्नाने त्यांना वर चिवडा बांधून दिला. मी त्या वेळी तिच्या स्वयंपाकघरात होते. काका गेल्यावर तिने ओटा पुसला, फडकं पिळून वाळत घातलं आणि मला म्हणाली, "गिरिजा, हा माणूस सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने खरं बोलेपर्यंत मी नाटकाचं नाव काढणार नाही." तिच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. मला तर भीतीच वाटली.

पुढे दोन वर्षं तिने स्टूलही सोडलं आणि नाटकही. मोरेश्वरलाही कोणी धड प्रॉम्प्टर मिळेना, तो छोट्या छोट्या भूमिकांवर आला. रत्ना त्याच्याशी गोड बोलायची. शोभनाला वाढदिवसाला फोन करायची. मी मनातल्या मनात तिला शिव्या घालायचे, की मेली सगळं गिळून बसली.

दोन हजार सातच्या एप्रिलमध्ये मंडळातली आम्ही पन्नाशीच्या आसपासची मंडळी तुर्कस्तानच्या सहलीला निघालो. मुलं कॉलेजात गेलेली, घरं रिकामी, मग एक टूर ठरवली. रत्नाच्या नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून ती आणि मी एका खोलीत. सूटकेसमध्ये ठेपले, मेतकूट, लोणच्याच्या बाटल्या. बसमध्ये भेंड्या. मोठमोठ्याने मराठीत सगळ्यांवर टीका, वेटरवर, ड्रायव्हरवर, शेजारच्या टेबलावरच्या जर्मन बाईच्या टोपीवर. परदेशात आपली माणसं बिनधास्त असतात, कारण इथे आपलं कोण ऐकणार?

ॲस्पेंडोसला जायचं होतं त्या सकाळी नाश्त्याला मोरेश्वर आमच्या टेबलापाशी आला. त्याला कळलं होतं की आज रोमन लोकांचं थिएटर बघायचंय, जवळजवळ अखंड राहिलेलं, म्हणून तो श्रूजबरीहून किल्लेदाराचा अंगरखा, शेला आणि प्लायवुडची तलवार घेऊन आला होता. तिथे उभं राहून तो तेच स्वगत म्हणणार, शोभना त्याचं शूटिंग करणार आणि गणपतीत ते सगळ्यांना दाखवणार. मग तो रत्नाच्या खुर्चीवर हात ठेवून हळूच म्हणाला, जरा बाजूला उभी राहशील ना, एखादं वाक्य अडलंच तर. जर्सी सिटीचं त्याच्या गावीही नव्हतं! त्याच्या दृष्टीने ती एक गंमत होती आणि संपली होती. निर्लज्जपणाची कमाल असते. रत्नाने ऑलिव्हची बी बशीत काढून ठेवली आणि म्हणाली, राहीन की.

बसमध्ये मी तिला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, तुला काही स्वाभिमान? तिने खिडकीबाहेर बघत सांगितलं, की तिसऱ्या वाक्याला तो खाकरला की मी तिथून चालायला लागणार आहे, खाकरू दे त्याला शूटिंग संपेपर्यंत. मला जरा बरं वाटलं. तेव्हा तिचा बेत तेवढाच होता.

थिएटरात शिरलो आणि आमचा सगळा ग्रुप गप्प झाला. ही काही रोज घडणारी गोष्ट नव्हे. नदीच्या घाटाच्या पायऱ्या अर्धगोल वळवून आभाळापर्यंत नेल्या तर कसं दिसेल, तसं. सगळा दगड, उन्हाने पिवळसर झालेला. सगळ्यात वर कमानींची ओळ. समोर रंगमंचामागची भिंत, दोन मजली, पुतळे गेलेले पण कोनाडे जागच्या जागी. दुसऱ्या शतकातलं बांधकाम आणि एकही पायरी जागची हलल्यासारखी वाटत नव्हती. रत्ना त्या भिंतीकडे बघतच राहिली. इतकी वर्षं हायस्कूलच्या लाकडी स्टेजवर पुठ्ठ्याचे बुरूज बघितलेली बाई ती. तिचा चेहरा बघून मला मनोहर काकांचा नव्याने राग आला.

गाईडने आम्हाला सगळ्यात वरच्या रांगेत पाठवलं. आम्ही धापा टाकत चढलो. मोरेश्वर आला नाही, तो खालच्या बोळात अंगरखा चढवायला गेला होता. रंगमंचाच्या दोन्ही अंगांना तिथे कमानीचे बोळ आहेत, पूर्वी लोकांना आत यायला केलेले. गाईड खाली मधोमध उभा राहिला, त्याने खिशातून कागद काढला आणि फाडला. तो टर्र आवाज आमच्या कानाशी झाला. मग तो चालत चालत पलीकडच्या बोळाच्या तोंडाशी गेला आणि तिथून पुटपुटला, की ऐकू येतंय का? आम्ही सगळ्यांनी वरून हात केले. बायका तर खूशच झाल्या, आपल्या हायस्कूलमध्ये असं असतं तर माइकचं भाडं वाचलं असतं, असं काहीबाही बोलायला लागल्या. माझी नजर रत्नाकडे गेली. ती हसत नव्हती. ती बोळाकडे बघत होती, मग मोरेश्वर ज्या बाजूला गेला होता तिकडे बघितलं, मग माझ्याकडे. बाई उठली, पर्स माझ्या मांडीवर टाकली आणि पायऱ्या उतरायला लागली. मला सगळं कळलं. मी तिला थांबवायला हवं होतं असं कोणाला वाटत असेल तर वाटू दे. मी पर्स घट्ट धरून नीट सरसावून बसले.

आमच्या मराठी मंडळींनी वरच्या दोन रांगा भरल्या होत्या. शोभनाने कॅमकॉर्डर सुरू केला. मनोहर काका माझ्या शेजारी, पाणी पीत. खाली रत्ना बोळाच्या तोंडाशी जाऊन सावलीत उभी राहिली, अगदी विंगेत उभी राहावी तशी, आम्हाला फक्त तिच्या साडीचा काठ दिसत होता. मोरेश्वर मधोमध आला, शेला सारखा केला, तलवारीच्या मुठीवर हात ठेवला आणि सुरुवात केली.

"या बुरुजावर मी एकटा उभा आहे."

काय आवाज लागला होता! खरंच, अंगावर काटा आला. मोरेश्वरलाही तो कळला असणार, कारण त्याची छाती दोन इंच फुगली.

"खाली शत्रूच्या तंबूत माझीच माणसं जेवायला बसली आहेत."

मग त्याने डावीकडे मान वळवली आणि खाकरला. आणि आमच्या सगळ्यांच्या कानाशी, मागे कोणी बसून सांगतंय इतका स्पष्ट, रत्नाचा आवाज आला, "त्यांच्या ताटातलं मीठ माझं आहे." मनोहर काकांनी दचकून मागे वळून बघितलं. तेवढ्यात खालून मोरेश्वर गरजला, त्यांच्या ताटातलं मीठ माझं आहे! पुन्हा खाकरणं, पुन्हा रत्ना, पुन्हा मोरेश्वर. प्रत्येक वाक्य आम्हाला दोनदा ऐकू येत होतं, आधी तिच्या तोंडून, मग त्याच्या. मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. सगळे पुढे वाकले. मोरेश्वरने ते बघितलं आणि त्याला वाटलं, काय रंगलेत लोक. तो आणखी चढला.

मग तो खाकरला आणि काहीच आलं नाही. पुन्हा खाकरला. आमच्याकडे बघत त्याने डोळे मिटले, जणू किल्लेदाराच्या छातीत कळ आली आहे, आणि ओठ न हलवता पुटपुटला, "रत्ना, पुढे?"

"देते," तिचा आवाज आला. "आधी सांग, जर्सी सिटीला मी झोपले होते?"

"हे आत्ता काय काढलंस? वाक्य दे."

"झोपले होते का मी, मोरेश्वर?"

माझ्या शेजारी मनोहर काकांच्या हातातली बाटली तशीच तोंडाशी राहिली होती. खाली मोरेश्वरने एक पाऊल पुढे टाकलं, आभाळाकडे बघितलं, शेला झटकला, सगळं अगदी भूमिकेत. आणि त्याच आवाजात, फक्त तिच्यापुरतं म्हणून बोलला, "नव्हतीस गं बाई. मीच मधलं सगळं उडवलं. एवढ्या लोकांपुढे मी कसं सांगणार होतो? माझं नाव होतं तिथे. तू काय, प्रॉम्प्टर. तुझं काय बिघडलं? दे आता."

शब्दन् शब्द. शेवटच्या रांगेत, मधल्या खांबाआड फोटो काढत उभ्या असलेल्या आमच्या एका काकूंनाही ऐकू गेला. शोभनाच्या हातातला कॅमकॉर्डर सुरूच होता.

रत्नाने वाक्य दिलं. ती थांबली असती तर त्याला संशय आला असता, आणि तिला तो एवढ्यात यायला नको होता. "आणि तरीही माझा हात तलवारीकडे जात नाही." मोरेश्वरने ते घेतलं आणि सुटला. उरलेलं सगळं स्वगत तिने त्याला एकेक घास भरवावा तसं भरवलं आणि त्याने ते आमच्यापुढे, आधीच ऐकून झालेलं, पुन्हा ऐकवलं. शेवटी त्याने तलवार उंच केली, वाकला, आणि टाळ्यांसाठी थांबला. टाळ्या आल्या नाहीत. तो घाम पुसत बोळाकडे वळला आणि रत्नाला विचारलं, "आवाज पोचला ना वरपर्यंत?"

ती उन्हात बाहेर आली. "पोचला," म्हणाली. "तुझाही पोचला आणि माझाही."

तरीही त्याला कळलं नाही. मग शोभना उठली. कॅमकॉर्डर बंद करून तिने पर्समध्ये टाकला आणि जागच्या जागी, आवाज न चढवता बोलली, "अहो, मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत फिरले." ते वरून खाली स्पष्ट गेलं. मोरेश्वरने तिच्याकडे बघितलं, मग आमच्या रांगांकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि त्याच्या हातातली तलवार हळूहळू खाली आली. रत्ना बाजूला उभी राहून त्याचा चेहरा बघत होती. घाईघाईने नव्हे, सावकाश, जेवढा बघायचा होता तेवढा. मला विचाराल तर मलाही फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

परतीच्या बसमध्ये भेंड्या झाल्या नाहीत. मोरेश्वर पुढच्या सीटवर एकटा, अंगरखा तसाच अंगात. शोभना मागे जाऊन बसली होती. थोडं अंतर गेल्यावर मनोहर काका सीटच्या पाठी धरत धरत आमच्यापाशी आले. रत्नाला म्हणाले, माझी चूक झाली, मी तुला विचारायला हवं होतं. मग काका जरा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून म्हणाले, की या गणपतीचं नाटक रत्ना बसवणार, कमिटीला मी बघून घेतो. चार जणींनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, संपलं. जिंकली बाई. आता ती काकांचे आभार मानेल आणि सगळे चहा प्यायला मोकळे.

"बसवते," रत्ना म्हणाली. "किल्लेदाराचंच बसवते. हिरो मोरेश्वरच." बसमध्ये एकदम हायसं वाटल्यासारखं झालं. कोणीतरी तिच्या मोठ्या मनाचं कौतुक करायला तोंड उघडलंही. रत्नाने त्यांना बोलू दिलं नाही. "फक्त एक अट. विंगेत कोणी बसणार नाही."

पुढच्या सीटवर मोरेश्वरची मान ताठ झाली. मग मागे न वळता तो बोलला, आणि या खेपेला त्याचा तो मोठा आवाज कुठेच नव्हता. "रत्ना, माझं पाठ होत नाही गं. शाळेपासून कधीच झालं नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच."